जस्टीन कुठे गेली?

१८२३च्या ऑगस्टमध्ये मेरी शेली इटलीहून लंडनला परतली. तिचा नवरा, कवी पर्सी शेली, समुद्रात बुडून वर्ष उलटून गेलं होतं. पदरी लहान मुलगा होता आणि हातात पैसा नव्हता. शहरात मात्र तिच्या ‘फ्रँकेन्स्टाईन’ या कादंबरीवरून रचलेल्या नाटकाचा बोलबाला सुरू होता. रिचर्ड ब्रिन्स्ली पीकने लिहिलेलं हे नाटक इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये गर्दी खेचत होतं. त्या काळी कादंबरीचं नाटक करायला लेखकाची परवानगी लागत नसे आणि त्याला दमडीही द्यावी लागत नसे. मेरी वडिलांबरोबर प्रयोग पाहायला गेली. छापील पत्रिकेत सगळ्या पात्रांची नावं होती, पण टी. पी. कुक हा नट जी भूमिका करत होता तिच्यासमोर नुसत्या रेघा मारलेल्या होत्या. ज्याला नावच नाही त्याची ओळख अशी करून देण्याची युक्ती मेरीला आवडली.

नाटककाराने आणखी एक गोष्ट केली होती. कादंबरीत पानंच्या पानं बोलणारा तो प्राणी रंगमंचावर मुका झाला होता. तो हातवारे करायचा, गुरगुरायचा, संगीत ऐकून थबकायचा, पण बोलायचा नाही. ‘फ्रँकेन्स्टाईन’ची पुढची दोनशे वर्षं बरीचशी इथेच ठरून गेली.

कादंबरी पहिल्यांदा निघाली तेव्हा तिच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या आणि त्यांवर लेखिकेचं नावही नव्हतं. नाटकाचा गाजावाजा पाहून १८२३ साली दुसरी आवृत्ती काढली गेली, आणि मेरीचं नाव तेव्हा पहिल्यांदा मुखपृष्ठाआड छापलं गेलं. पुस्तकाला वाचवलं ते नाटकाने. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला यात नवल वाटू नये. दिवाळी सरली, धान कापून झालं, गावोगाव मंडई भरली की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारापर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथे आहेत, तारखा तिथेच ठरतात. रात्री पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० प्रयोग आहेत. जिथे एका नटाचा हिशेब असा हजारांत जातो, तिथे कथा पुस्तकाच्या कपाटातून फारशी पसरत नाही. ती माणसाच्या तोंडून आणि अंगातून पसरते, आणि पसरताना बदलते.

असाच एक बदल नुकताच पडद्यावर आला आहे. मेक्सिकोचे दिग्दर्शक गिलेर्मो डेल टोरो यांचा ‘फ्रँकेन्स्टाईन’ ऑगस्ट २०२५मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि नोव्हेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आला. ऑस्कर आयझॅक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन झाला आहे, जेकब एलॉर्डी त्याने घडवलेला प्राणी आणि मिया गॉथ एलिझाबेथ. म्हणजे हा चित्रपट आता गडचिरोलीत मोबाइलवरही बघता येतो. तो बघण्याआधी कादंबरीत काय होतं हे माहीत असलेलं बरं. कारण फ्रँकेन्स्टाईन हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बहुतेकांना ते चुकीच्या माणसाचं ठाऊक असतं. फ्रँकेन्स्टाईन हा त्या प्राण्याला घडवणारा तरुण. प्राण्याला नावच नाही.

कादंबरीचा जन्म हवामानातून झाला, असं म्हटलं तर ते फार चूक नाही. एप्रिल १८१५मध्ये इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि गंधकाचे कण वातावरणात पसरले आणि १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी लॉर्ड बायरनच्या बंगल्यात पावसाने कोंडलेली मंडळी जर्मन भुताखेतांच्या गोष्टी वाचत बसली आणि प्रत्येकाने एकेक भयकथा लिहायची असं ठरलं. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. त्याच बैठकीतून बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याची ‘द व्हँपायर’ ही कथाही निघाली, म्हणजे ड्रॅक्युलाचा पणजोबाच. हिंदुस्थानातही त्या वर्षीचा पाऊस बिघडला होता. १८१७ साली बंगालात उसळलेल्या पटकीच्या साथीचा संबंध काही अभ्यासक याच बिघडलेल्या पावसाशी जोडतात. ती साथ त्याच वर्षी बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली आणि पेंढाऱ्यांवर निघालेली फौज आडवी झाली.

तारखांचा एक योग तर मराठी वाचकाने हमखास लक्षात ठेवावा असा आहे. ‘फ्रँकेन्स्टाईन’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाली १ जानेवारी १८१८ला, म्हणजे भीमा नदीकाठी कोरेगावची लढाई झाली त्याच दिवशी. पुढे पळता पेशवा चांद्याच्या रोखाने निघाला, एप्रिलमध्ये कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याला पांढरकवड्याजवळ गाठलं आणि मे महिन्यात चांद्याचा किल्लाही पडला. कादंबरीशी याचा काही संबंध नाही. पण लंडनचे वाचक एका कृत्रिम माणसाच्या कल्पनेने शहारत होते ते वर्ष आपल्याकडे कसं होतं, एवढं त्यातून कळतं.

अशा कादंबऱ्यांना ‘गॉथिक’ म्हणतात. या घराण्याची सुरुवात १७६४ साली होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून मानली जाते. पडका किल्ला, जुनं राजघराणं, पूर्वजांचं पाप, कबर, कोंडलेली स्त्री आणि रात्र, हे त्याचं सामान. चंद्रपूरकराला हे शोधायला युरोपात जावं लागत नाही. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर अशा दरवाजांचा गोंडकालीन परकोट अजून शहराभोवती उभा आहे. गोंडराजा बीरशहाची कथा तर वॉलपोलने हातोहात उचलली असती. आख्यायिका अशी की देवगडच्या राजघराण्यात दिलेल्या त्याच्या मुलीचा अपमान झाला, तेव्हा बीरशहाने चढाई करून जावयाचं शीर कापलं आणि महाकालीपुढे ठेवलं. पुढे त्याचाही खून झाला. त्याची समाधी राणी हिराईने बांधवली, आणि ती आजही पाहायला मिळते.

मेरी शेलीने या सामानातलं जवळपास सगळं घराबाहेर टाकलं, हीच तिची करामत. तिच्या कादंबरीत भूत नाही, शाप नाही, चेटूक नाही. आहे तो इंगोलश्टाट विद्यापीठातला एक हुशार विद्यार्थी. त्याला मृत शरीराच्या तुकड्यांत जीव घालायचा आहे. ही कल्पनाही हवेतली नव्हती. १८०३ साली जोव्हान्नी अल्दिनी याने लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतात वीजप्रवाह सोडला होता, तेव्हा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. लोकांनी हे वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. भीतीचं ठिकाण किल्ल्यातून प्रयोगशाळेत हललं. व्हिक्टर आठ फूट उंचीचा देह जुळवतो, त्यात प्राण ओततो, आणि त्याने डोळे उघडताच किळस येऊन पळून जातो. पुढचं सगळं या पळून जाण्यातून घडतं.

कादंबरीचा गाभा आहे तो जंगलात. टाकून दिलेला प्राणी रानात भटकतो, कंदमुळं आणि फळं खातो, आणि एका झोपडीला लागून असलेल्या खोपट्यात दडून राहतो. झोपडीत एक आंधळा म्हातारा आणि त्याची दोन मुलं राहतात. फटीतून त्यांना बघत तो भाषा शिकतो, वाचायला शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो. आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण तोडून दारात आणून ठेवतो. घरच्यांना वाटतं, कुणीतरी दयाळू अदृश्य शक्ती आपल्यावर प्रसन्न आहे. जंगलातून मिळेल त्यावर आणि रानातल्या देवाच्या भरवशावर संसार चालवणं ज्या मुलखात अजून जुनं झालेलं नाही, तिथल्या वाचकाला हे प्रकरण वेगळंच भिडेल. दिसत नव्हता तोवर तो वनदेव होता. दिसला त्या क्षणी राक्षस झाला. म्हाताऱ्याशी तो नीट बोलतो, कारण म्हाताऱ्याला डोळे नाहीत. मुलगा येतो, बघतो आणि काठी उचलतो.

सिनेमाने या प्राण्याचं काय केलं हे सर्वांना माहीत आहे. १९१० साली एडिसनच्या कंपनीने पहिला छोटा मूकपट काढला. १९३१ साली जेम्स व्हेलचा बोलपट आला, आणि तोही कादंबरीपेक्षा पेगी वेब्लिंगच्या नाटकाला जास्त धरून होता. चपटं कपाळ, मानेत खिळे, जड पावलं, हा चेहरा रंगभूषाकार जॅक पिअर्सचा आणि अंग बोरिस कार्लोफचं. सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे नटाचं नाव नव्हतं, प्रश्नचिन्ह होतं. १८२३च्या रेघांचाच तो धाकटा भाऊ. कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि त्याची एक नाळ महाराष्ट्रात पुरलेली आहे. त्याच्या आईची आई आणि सयामच्या राजवाड्यात शिक्षिका म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेली ॲना लिओनोवेन्स या सख्ख्या बहिणी, आणि ॲनाचा जन्म १८३१ साली अहमदनगरचा. मेरीने कादंबरीची सुधारलेली आवृत्ती काढली तेही १८३१ साल. शंभर वर्षांनी त्या नगरच्या पोरीच्या बहिणीचा नातू जगाचा लाडका राक्षस झाला.

१९३१च्या चित्रपटाने आणखी एक गोष्ट जन्माला घातली. हातात मशाली घेतलेला, कुत्री सोडलेला, डोंगर पिंजून काढणारा गावकऱ्यांचा जमाव. शेवटी तो प्राण्याला पवनचक्कीत कोंडून आग लावतो. मूळ कादंबरीत असा जमाव नाही. एका खेड्यातले लोक प्राण्याला दगड मारून हाकलतात, इतकंच. पण पडद्यावरचा जमाव इतका परिणामकारक निघाला की पुढे कुठल्याही भयपटात गाव आलं की मशाली आल्याच. व्हेलची सहानुभूती कार्लोफकडे आहे हे खरं, तरी प्रेक्षक त्या आगीकडे सुटकेचा निश्वास टाकत बघतात हेही तितकंच खरं.

डेल टोरो यांनी प्राण्याला त्याची वाचा परत दिली. त्यांच्या अडीच तासांच्या चित्रपटाचे दोन भाग आहेत, आधी व्हिक्टरची कहाणी, मग प्राण्याची. काळ १८५० च्या दशकातला केला आहे, क्रिमियाच्या युद्धातली प्रेतं व्हिक्टरला कच्चा माल म्हणून मिळतात. एलॉर्डीच्या अंगावर रंगभूषेचे ४२ तुकडे चिकटवले जात, पूर्ण देह दाखवायचा असेल त्या दिवशी दहा तास लागत. उत्तर ध्रुवाजवळ बर्फात अडकलेलं जहाज संगणकावर न काढता खरोखर बांधलं. ही हौस मंडपात खरा पडदा रंगवून टांगणाऱ्यांना पटण्यासारखी आहे. जंगलातला भाग तर या चित्रपटाचं सर्वांत सुंदर अंग. प्राणी सरपण गोळा करतो, म्हातारा त्याला मित्र मानतो. मग लांडग्यांचा हल्ला होतो आणि म्हातारा मरतो. घरचे परततात तेव्हा प्रेताजवळ प्राणी दिसतो. मेला लांडग्यांमुळे, आणि गोळी खाल्ली प्राण्याने.

इथे चित्रपट कादंबरीच्या फार जवळ येतो, आणि लगेच दूर जातो. कादंबरीतला प्राणी निष्पाप राहत नाही. तो व्हिक्टरच्या लहान भावाचा, विल्यमचा, गळा दाबतो, आणि पुढे लग्नाच्या रात्री एलिझाबेथला मारतो. डेल टोरो यांच्या चित्रपटात विल्यम मोठा पुरुष आहे आणि एलिझाबेथला गोळी लागते ती व्हिक्टरच्या हातून. प्राण्याचे बहुतेक गुन्हे असे धुऊन टाकल्यावर त्याच्यावर प्रेम करणं सोपं होतं. मेरीने ते सोपं ठेवलं नव्हतं. पण खरी उणीव याहून वेगळी आहे. चित्रपटातून जस्टीन नाहीशी झाली आहे.

जस्टीन मॉरिट्झ ही फ्रँकेन्स्टाईन कुटुंबाची मोलकरीण. विल्यमचं प्रेत सापडतं, आणि त्याच्या गळ्यातलं आईचं छोटं चित्र तिच्या खिशात निघतं. ते तिथे प्राण्याने ठेवलेलं असतं. तिच्यावर खटला चालतो. पाद्री तिला धमकावत राहतो, नरकाची भीती घालतो, इतकी की आपणच ती राक्षसीण आहोत असं तिला वाटू लागतं आणि ती न केलेल्या खुनाची कबुली देते. तिला फाशी होते. हे करणारा जमाव मशाली घेतलेला नाही. जिनिव्हाचं सुशिक्षित न्यायालय आहे. आणि सत्य ठाऊक असलेला एकच माणूस तिथे बसलेला आहे, व्हिक्टर. लोक आपल्याला वेडा म्हणतील या भीतीने तो तोंड उघडत नाही.

पडद्यावरच्या बहुतेक अवतारांनी जस्टीनला वगळलं. १९३१मध्ये ती नाही. १९९४च्या केनेथ ब्रॅना यांच्या चित्रपटात ती आहे, पण तिथेही खटला गाळून तिला संतापलेल्या जमावाच्या हाती दिलं आहे. बघायला ते जास्त भडक, विचार करायला कमी अवघड.

चंद्रपूर-गडचिरोलीतून हा चित्रपट पाहताना जस्टीनची आठवण टाळता येत नाही. ऑगस्ट २०२१मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द या गावात, भानामती केल्याच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. मे २०२४मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक स्त्री आणि एक पुरुष यांना जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून जाळलं गेलं. मागे कारण होतं ते गावातल्या एका लहान मुलीचा मृत्यू. पोलिसांनी १५ जणांना अटक केली. मूल दगावतं, कारण कळत नाही, कुणीतरी बोट दाखवतं, आणि मग ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याला निर्दोष असल्याचं सिद्ध करण्याचा मार्गच उरत नाही. मेरी शेलीने विल्यमच्या मृत्यूनंतर नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. अशा प्रसंगी साम्य शोधायचं ते प्राण्याशी नाही. प्राण्याने खून केले होते. या माणसांनी काहीच केलेलं नव्हतं.

महाराष्ट्रात याविरुद्ध कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी किंवा चेटूक करते असं ठरवून तिला छळणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायदा मात्र घटना घडल्यावर येतो. घडण्याआधी गावात कुणीतरी व्हिक्टरसारखं गप्प बसलेलं असतं, त्याच्यावर कुठलंच कलम लागत नाही.

मराठीत गॉथिक कथा आली तीही पीकच्या नाटकासारखीच हातोहात, तोंडोतोंडी बदलत. नारायण धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली, आणि किंगची ती कादंबरी १९७५ साली प्रसिद्ध झाली, सुचली ती ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेतल्या लहान गावात आला तर काय होईल, या प्रश्नातून. ‘तुंबाड’ या चित्रपटाचं मूळही धारपांच्या कथेत आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ती १९९३ साली एका मित्राने सांगितली, तीही नागझिऱ्याच्या अभयारण्यात, म्हणजे झाडीपट्टीच्याच मुलखात. चित्रपट पडद्यावर यायला २०१८ उजाडलं. कथा झाडीत ऐकली, नाव कादंबरीकार पेंडश्यांच्या कोकणातल्या कादंबरीवरून घेतलं, आणि वाडा पावसात भिजलेला. विदर्भाच्या जंगलाला स्वतःची मोठी भयकथा पडद्यावर अजून मिळालेली नाही.

झाडीपट्टीला ती मिळवायला अडचण काही नाही. मेरी शेली १८५१ साली वारली, त्यामुळे तिच्या कादंबरीवर नाटक करायला आज कुणाची परवानगी लागत नाही, पीकला लागली नव्हती तशीच. खोटा आळ, पोरका जीव, कोर्टाचा प्रवेश, तुरुंगातलं गाणं, हे सगळं त्या रंगमंचाच्या सवयीचं आहे. दारूपासून अंधश्रद्धेपर्यंतचे विषयही तिथे जुनेच आहेत. वडशाचा एखादा लेखक लिहायला बसलाच तर आठ फुटी प्राण्याची रंगभूषा त्याला अडवणार नाही, ते काम हौसेने होईल. जस्टीनची भूमिकाही मिळेल, कारण तिच्यात रडणं आहे आणि गाणं घालायला जागा आहे. अवघड जाईल तो व्हिक्टर. उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायची सवय असलेल्या नटाला कोर्टाच्या अख्ख्या प्रवेशात एक शब्दही न बोलता उभं राहावं लागेल, आणि तरी प्रेक्षकांचे डोळे त्याच्यावरच खिळून राहतील असं काहीतरी करावं लागेल.